सात दिवसांचा तारा

हेमकांत सरांना चूक सापडली की भारी आनंद व्हायचा. अर्थात दुसऱ्याची. शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. माझ्या फळ्यावर तारीख चुकलेली दिसली, की हा माणूस दारातून सरळ आत यायचा, पोरांसमोर स्वतःच्या रुमालाने ती पुसायचा, बरोबर तारीख लिहायचा आणि जाताना "बाई, राग नको" म्हणायचा. राग यायचाच. पण तारीख खरोखर चुकलेली असायची, त्यामुळे तो गिळावा लागायचा.

आमच्या भागात शाळेतले निम्मे मास्तर पाटील, म्हणून माणसं आद्याक्षरांनी ओळखतात. गावात ते एच. टी. सर. मी मात्र हेमकांत सरच म्हणत आले. त्यांचे वडील नंदुरबारच्या मिरचीबाजारात मापाडी होते. तिखटाच्या ठसक्याने डोळ्यांतून धारा लागल्या तरी काटा स्थिर झाल्याशिवाय वजन पुकारायचं नाही, अशी त्या घरातली शिस्त. पोराने तीच शिस्त प्रयोगशाळेत आणली. "आकडा आला म्हणून नाचू नकोस, आधी यंत्र नीट आहे का बघ," हे त्यांचं वाक्य ब्राह्मणपुरीतल्या दोन पिढ्यांना पाठ आहे. कुणी न मोजता आकडा लिहिला तर मात्र खैर नसायची. पोरगा असो की पोरगी, सगळ्या वर्गासमोर उभं करायचे आणि शाळेतली भाषा सोडून घरच्या भाषेत विचारायचे, "कवय मोजं? दखाड." म्हणजे, कधी मोजलंस, दाखव. पोरं रडायची. हे तिथेच उभे राहायचे, रडणं थांबेपर्यंत.

निवृत्तीनंतर माझी त्यांच्यापासून सुटका होईल असं वाटलं होतं. ती झाली नाही, कारण आमची घरं शेजारी. गावाबाहेर, शिवाराच्या कडेला ही दोनच घरं आहेत, आणि आमच्या मागे हिंमतरावांची केळी, केळीपलीकडे त्यांचं मळ्यातलं घर. सरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा सुरतेला असतो, तो बोलावतो, हे जात नाहीत. इथे त्यांना गच्ची आहे आणि गच्चीवर दुर्बीण आहे. सरांना अलीकडे कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. त्यामुळे त्यांच्या आयुष्यातलं फारसं काही माझ्यापासून लपून राहत नाही.

आता दिपालीबद्दल सांगते. दिपाली ही हिंमतराव आणि सुगंधाबाईंची मुलगी, सरांची विद्यार्थिनी, आणि सध्या पुण्याला एका मोठ्या संस्थेत ताऱ्यांवर पीएचडी करते. तिचा विषय म्हणजे लहान वयातले सूर्य. तारे म्हणजे तारे, त्यांना कसलं आलंय वय, असं मी म्हणाले, तेव्हा सरांनी माझ्या घरातला चहाचा काळवंडलेला टोप उचलला आणि ओट्यावर बसून तो हातात गोल फिरवायला लागले.

"हा आपला सूर्य समजा. याच्या अंगावर डाग असतात. डाग म्हणजे काय, तर तिथे चुंबकत्व एकवटतं, आतली उष्णता वर येऊ देत नाही, मग तेवढी जागा काळपट दिसते. आपला सूर्य आता पोक्त झाला. त्याला एक गिरकी घ्यायला जवळजवळ महिना लागतो आणि डागही थोडेथोडके. पण लहान असताना हाच सूर्य दोन-तीन दिवसांत गिरकी घेत असणार. अंगात चुंबकत्व जबरदस्त, डाग एवढाले. बघा, डागाची बाजू आपल्याकडे आली की उजेड कमी, गेली की जास्त. दोन कमीच्या मधला वेळ मोजा, म्हणजे एक गिरकी कळली."

"आणि मग तो पोक्त कसा होतो?"

"त्याच चुंबकत्वामुळे. ताऱ्यावरून सतत वारा वाहत असतो. चुंबकत्व त्या वाऱ्याला लांबपर्यंत धरून ठेवतं, आणि तो वारा जाताना ताऱ्याची गती थोडी थोडी घेऊन जातो. अंगातली मस्तीच शेवटी माणसाला थंड करते, तसंच आहे ते."

मला समजलं. शिकवायला तो माणूस चांगलाच होता, हे कबूल केलं पाहिजे. टोप मात्र मला परत घासावा लागला.

दिपालीला असे तारे रोज रात्री, महिनोन् महिने मोजणारी माणसं हवी होती. मोठ्या दुर्बिणी मोजक्या रात्री मिळतात, पण हौशी माणूस रोज बसू शकतो. तिने देशभरातल्या काही जणांना एकेक तारा दिला, आणि एका ताऱ्यासाठी सर्वांत आधी आपल्या सरांना फोन केला. त्या ताऱ्याला नाव नाही, नुसता नंबर. तो नंबर सर इतक्या मायेने उच्चारायचे की ऐकणाऱ्याला नातवाचं बारशाचं नाव वाटावं. संध्याकाळी कॅमेरा लावायचा, पुढे कॉम्प्युटर आपोआप फोटो घेत राहणार, हे झोपणार, सकाळी ताऱ्याचा उजेड मोजून आकडे पुण्याला पाठवणार. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत त्यांनी एक रात्र चुकवली नाही. नात्यातलं लग्न चुकवलं.

आणि त्यातून निघालं ते असं: हा तारा दर सात दिवसांनी मंद होतो. त्याच्या वयाची, त्याच्यासोबत जन्मलेली भावंडं दोन-तीन दिवसांत गिरकी घेतात आणि हा पठ्ठ्या सात दिवस लावतो. म्हणजे लहानपणीच म्हातारा झालेला तारा. असं का झालं असावं? त्याचं चुंबकत्व इतरांपेक्षा वेगळं असेल का? दिपालीला मोठ्या परिषदेत यावर बोलायला बोलावलं. दुसऱ्या ठिकाणांहून याच ताऱ्याचे थोडेसे आकडे आले होते ते जुळत नव्हते, पण ते मोजक्या रात्रींचे होते. सरांचे आकडे अखंड होते, आणि ते सरांचे होते. तिने सरांच्या आकड्यांवर भिस्त ठेवली.

तेव्हापासून सरांचे पाय जमिनीला लागेनात. शहाद्याच्या एस.टी. स्टँडवर ओळखीचा माणूस भेटला की तारा निघायचाच. मीही चार जणांना सांगितलं, खोटं कशाला बोलू.

आता या गोष्टीतला खरा घोळ सांगते. तो कळायला विज्ञान लागत नाही, आमच्या शिवारात राहावं लागतं. शेतीच्या मोटारींना तीन फेज लाईट लागते आणि ती चोवीस तास मिळत नाही, पाळीने मिळते. आठवड्यातले काही दिवस ती दिवसा येते आणि काही दिवस रात्री. आमच्याकडे हिवाळाभर सोमवार, मंगळवार, बुधवार रात्रीची पाळी होती. अंधार पडला की सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या. आमची दोन घरं गावापासून लांब, म्हणून आमची वीज शेताच्याच डीपीवरून, म्हणजे मोटारींच्याच ट्रान्सफॉर्मरवरून. मोटारी लागल्या की आमचे दिवे पिवळे पडतात आणि पंखा जीव गेल्यासारखा फिरतो. लहान मुलालाही हे माहीत आहे. मला माहीत होतं. सरांनाही माहीत होतं.

सरांच्या त्या कॅमेऱ्याच्या आत त्याला गार ठेवणारं यंत्र आहे. वीज पुरी मिळाली तरच ते चालतं. सोम, मंगळ, बुध या तीन रात्री ती मिळत नव्हती. कॅमेरा तापायचा आणि तापलेल्या कॅमेऱ्याला तो बारीकसा तारा किंचित फिका दिसायचा. गुरुवारी पुन्हा उजळ. असं दर आठवड्याला, बरोबर सात दिवसांनी.

सरांनी फोटोतला तारा रोज मोजला. कॅमेरा किती तापलाय, ते प्रत्येक फोटोसोबत आपोआप लिहिलेलं येतं. ते त्यांनी पहिल्या आठवड्यानंतर एकदाही पाहिलं नाही.

एप्रिलमध्ये वीजवाल्यांनी पाळी बदलली. हिंमतराव दूध द्यायला आले तेव्हा सहज म्हणाले, "आते गुरुवारपासून रातनी लाईट शे सर. परत जागरन." सरांनी मान डोलावली. त्याच आठवड्यात सोमवार, मंगळवार, बुधवार तारा छान उजळ राहिला, आणि गुरुवार, शुक्रवार, शनिवार मंद झाला. रविवारी सकाळी सर आकडे काढून बसले. कोट्यवधी कोसांवरचा तारा ब्राह्मणपुरीच्या मोटारींची पाळी पाळतोय, हे कसं शक्य आहे? मग त्यांनी कॅमेऱ्याचं तापमान उघडून पाहिलं. सहा महिन्यांचं, रात्रीमागून रात्रीचं. दुपारपर्यंत सगळं स्पष्ट झालं होतं.

हे मला पुढे त्यांच्याच तोंडून कळलं. त्या रविवारी मला एवढंच दिसलं, की सर चहाला आले नाहीत. सोमवारीही नाहीत. मंगळवारी मीच चहा घेऊन गेले, तर दार अर्धंच उघडून म्हणाले, "पित्त झालंय बाई." दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्यांच्या हातात फोन होता आणि पडद्यावर दिपालीचं नाव. लावलेला नव्हता, नुसतं नाव काढून ठेवलं होतं.

परिषद शुक्रवारी होती. रविवार ते शुक्रवार, या मधल्या कुठल्याही घटकेला त्यांनी फोन केला असता तर मुलगी वाचली असती. तिने विषय बदलला असता, नाहीतर भाषणच दिलं नसतं. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. फोन उचलायचे, आणि तोंडावर यायचं ते एकच, की मी बघितलं नाही. आयुष्यभर पोरांना ज्या गोष्टीसाठी रडवलं तीच गोष्ट आपण केली, आणि ती कुणाला सांगायची, तर आपल्याला देव मानणाऱ्या मुलीला. फोन खाली ठेवायचे. दर वेळी ठेवताना आदल्या वेळेपेक्षा सांगणं अवघड झालेलं असायचं, कारण आता नुसती चूक राहिली नव्हती. लपवल्याचे दिवसही त्यात मिसळत चालले होते.

त्यात हिंमतरावांनी हौस मांडली. पोरीचं भाषण इंटरनेटवर दिसणार म्हटल्यावर त्यांनी शाळेचा हॉल मागून घेतला. सुट्टीच होती. चौकात फ्लेक्स लागला. एका बाजूला दिपाली, दुसऱ्या बाजूला सर, मध्ये मोठा पिवळा तारा, खाली "गुरुवर्य" असं. फ्लेक्सवाल्याने सरांचा फोटो इतका गोरा केला होता की मला आधी ओळखूच आला नाही. सर त्या चौकातून जायचं टाळून मागच्या पांदीने किराणा आणायला जाऊ लागले.

शुक्रवारी दुपारी हॉल भरला. बायका एकीकडे, माणसं एकीकडे, वर पंखे. दिवसाची पाळी नव्हती म्हणून ते मजेत फिरत होते. सरांना पुढच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता आणि हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

पडद्यावर दिपाली आली. आईची मोरपंखी साडी नेसली होती. हॉलमधल्या सगळ्या बायकांनी एकदम मान वळवून सुगंधाबाईंकडे पाहिलं. भाषण इंग्रजीत होतं. गावाला काही कळलं नाही, पण पोरगी न अडखळता बोलतेय एवढं पुरेसं होतं. मला निम्मं कळलं. तिने सरांचं नाव घेतलं तेव्हा टाळ्या पडल्या, आणि सरांनी डोळे मिटून घेतले.

मग प्रश्न सुरू झाले. पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ उठले. अगदी सौम्य आवाजात त्यांनी विचारलं, की सात दिवस हा आकडा फक्त एकाच ठिकाणच्या निरीक्षणांतून येतोय, ते ठिकाण बाजूला ठेवलं तर तो टिकतो का? दिपालीने मागे वळून आपला आलेख पाहिला. ती म्हणाली, मी तसं करून पाहिलेलं नाही. ते गृहस्थ हसून म्हणाले, सात दिवसांचा आठवडा माणसांचा असतो, ताऱ्यांचा नसतो, तेव्हा त्या ठिकाणी दर आठवड्याला काय घडतं ते आधी विचारा. तिकडचा हॉल हसला. वाईट हसू नव्हतं ते. पण दिपालीचा चेहरा मी पाहिला. तो वर्गासमोर उभ्या केलेल्या पाचवीतल्या दिपालीचा चेहरा होता.

ती सावरली. सरळ उभी राहून म्हणाली, हे तपासणं माझी जबाबदारी होती, मी तपासलं नाही, चूक माझी आहे. मग तिने हात जोडले.

हात जोडलेले दिसले, तशी आमच्या हॉलला वाटलं भाषण संपलं. जोरात टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी वाजवली. हिंमतराव शाल आणि नारळ घेऊन उठले, सरांच्या खांद्यावर शाल टाकली, गळ्यात हार घातला आणि पाया पडायला वाकले. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. मग सरांचं काय झालं असेल?

सर उठले. त्यांनी हिंमतरावांना खांद्याला धरून उभं केलं.

"टाया वाजाडू नका," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मागचे लोक 'काय, काय' करू लागले. मग ते मोठ्याने बोलले. "ती पोर तठे माफी मांगी ऱ्हायनी. मन्ही चूक तिनी सोतावर लिधी. तो तारा सात दिनमा फिरत नही. आपली लाईटनी पाळी सात दिनमा फिरस. मोटारी लागन्यात का मन्हा कॅमेरा तपे, आनि माले तारा मंद दखाये. मी यंत्र दखं नही."

मग बायकांच्या बाजूने सुगंधाबाईंचा आवाज आला. त्या बसल्या जागेवरूनच बोलल्या.

"सर, तुमले हाई कवय समजनं?"

"आतेच," ते म्हणाले. "तो मानूस बोलना तव्हय."

रविवारपासूनची ती दाढी, ते पित्त, तो न लावलेला फोन, सगळं एकदम माझ्यासमोर जुळलं. सुगंधाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

पण हिंमतराव बोलले, आणि ते ऐकवेना. "म्हंजे सर, आमन्या मोटारीसमुये? आमनामुये पोरले तठे मान खाली घालनी पडनी?" तो साधा माणूस खरोखर कासावीस झाला. मागे वळून त्यांनी डीपीवरच्या बाकीच्या शेतकऱ्यांकडे पाहिलं. त्यांनीही माना खाली घातल्या. "आमले सांगानं ना सर. आम्हले काय माहीत. आज रातपासून मोटार बंद. तुम्ही परत मोजा. तुमनं मोजनं व्हस तोपर्यंत आमनामधला कोनी बटन दाबाव नही." आणि त्यांनी सरांपुढे हात जोडले. सरांनी ते जोडलेले हात धरायला स्वतःचे हात पुढे केले, पण मध्येच ते खाली आले. गळ्यात हार तसाच होता. ते तसेच घरी चालत गेले, आणि या वेळी चौकातून गेले, फ्लेक्सखालून.

संध्याकाळी पाळीची वेळ झाली. एरवी या वेळेला शिवार घरघरायला लागतं. त्या दिवशी काहीच वाजलं नाही. माझा ओट्यावरचा दिवा पांढराशुभ्र जळत होता. वैशाखाची आग, केळीची पानं दुपारपासून मिटलेली, आणि हातात आलेली पाण्याची पाळी माणसांनी एका कॅमेऱ्यासाठी सोडून दिली होती. सर अंगणात उभे राहून ऐकत होते. न येणारा आवाज ऐकत होते म्हणा.

मला राहवलं नाही. "सर, तुम्ही सुगंधाबाईंना खरं सांगितलं नाहीत," मी म्हणाले.

"रविवारपासून माहीत होतं बाई," ते म्हणाले. "आज शंभर माणसांपुढे निम्मी चूक कबूल केली. वाटलं, सुटलो. आणि तिने तो प्रश्न विचारला." थोड्या वेळाने म्हणाले, "एवढं वय झालं. पण खोटं बोलायला अर्धा श्वासही लागला नाही मला. मला माझी लाज वाटते." मग म्हणाले, "माझ्यासोबत चला. एकटा गेलो तर वाटेतून परत येईन."

मी पायात चप्पल घातली. केळीच्या कडेने हिंमतरावांच्या घरी गेलो. नवरा-बायको अंगणात बाजेवर बसले होते. सुगंधाबाईंनी पदर सावरला आणि आम्हाला बसायला दुसरी बाज पुढे ओढली. सर बसले नाहीत.

"मी आतेच समजनं आसं सांगं, ते खोटं शे," ते उभ्यानेच म्हणाले. "माले इतवारलेच समजनं व्हतं. पाच दिन फोन हातमा लिसन बसनू. लाज वाटनी म्हनीसन लावा नही. पोरले मी जानूनबुजून तठे उभी ऱ्हाऊ दिधी. मोटारीसना काय दोष नही. मोटार लावा हिंमतराव, केळीले पानी द्या. मन्हासाठे बंद नका ठेवू, मन्ही तेवढी लायकी नही."

हिंमतरावांनी मान वर करून सरांकडे पाहिलं. दुपारी सरांच्या पाया पडायला वाकलेला माणूस होता तो. मग ते उठले, विहिरीकडे गेले, आणि थोड्या वेळात मोटार सुरू झाली. एकाची सुरू झाली तशी बाकीच्यांचीही एकामागून एक सुरू झाली. हिंमतराव परत आले नाहीत. पाण्यावरच थांबले असावेत. मला वाटतं, त्यांना सरांचं तोंड बघायचं नव्हतं.

सुगंधाबाई म्हणाल्या, "माले नका सांगू. तिले सांगा. आते लावा फोन, मन्हासमोर."

सरांनी फोन लावला. तो स्पीकरवरच होता. दिपालीने पहिल्याच घंटीला उचलला, जणू हातातच धरून बसली होती. "सर, मीच लावनार व्हती," ती घाईघाईने बोलू लागली. "माफ करा सर, मी तुमना आकडा तपासा नही. चूक तुमनी शे आसं मी कोनलेच सांगं नही. तुम्ही मनले लाई लेऊ नका."

"दिपाली, आयक," सर म्हणाले. "माले इतवारपासून माहीत व्हतं."

मोटारींची घरघर चालू होती. सुगंधाबाईंचा हात पदराशी खेळत होता, तो थांबला.

"इतवार," दिपाली म्हणाली. "म्हंजे मी बुधवारले फोन करा व्हता, कोनती साडी नेसू म्हनीसन. आईकडथून तुमले फोन देवाडा व्हता."

"हां."

"तुम्ही म्हने, मोरपंखी नेस."

"हां," सर म्हणाले. "तव्हयबी माहीत व्हतं."

हे मला माहीत नव्हतं. सुगंधाबाईंना माहीत होतं, फोन त्यांनीच दिला होता. त्यांनी सरांकडे पाहिलं नाही, त्या केळीकडे बघू लागल्या. सर उभे होते ते हळूच खाली बसले, बाजेवर नाही, जमिनीवर.

"सगयासले लिखीसन कळाव," ते म्हणाले. "मन्हं नाव लिख. एच. टी. पाटील, ब्राह्मणपुरी. त्यानी दखं नही, आनि समजनं तव्हय सांगं नही. दोन्ही लिख."

"लिखसू," दिपाली म्हणाली. नको सर, असू द्या सर, असं तिने म्हटलं नाही. मला तिचा अभिमान वाटला, आणि सरांची दया आली.

आणखी काही बोलण्यासारखं उरलं नव्हतं. पण आमच्याकडे असा फोन ठेवत नाहीत. भांडण झालेलं असलं तरी शेवटचं एक वाक्य विचारलंच जातं. दिपालीने तेच विचारलं. आवाज कोरडा होता, सवयीचा.

"जेवन व्हयनं का सर?"

"व्हयनं," सर म्हणाले.

तिने बरं म्हटलं. ती फोन ठेवणार, तेवढ्यात सरांनी तो दोन्ही हातांनी तोंडाजवळ ओढला. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता.

"नही पोरी. ठेवू नको. खोटं बोलनू," ते म्हणाले. "सकायपासून कायच खादं नही."